दामल्यांचे दोन समुद्र

निजामपुऱ्याच्या रस्त्यावर दोऱ्या रंगायला लागल्या की माझ्या पोटात दुखायला लागतं. डिसेंबर अर्धा सरला की इथे फुटपाथवर खांब रोवले जातात, त्यांच्यामध्ये पांढरा दोरा ताणला जातो आणि काचेची पूड घातलेली गुलाबी लुगदी मुठीत धरून माणसं त्या दोऱ्यावरून दिवसभर ये-जा करत राहतात. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, अजून दूर असतं, पण बडोद्याची नजर तेव्हापासूनच वर लागलेली. फरसाणाच्या दुकानांबाहेर उंधियूच्या पाट्या झळकतात, भाजीवाल्यांकडे सुरती पापडीचे आणि जांभळ्या कंदाचे ढीग लागतात, सकाळी स्वेटर घालावा आणि दुपारी काढावा अशी सुखाची थंडी पडते. सगळं गाव खुशीत असतं. मी मात्र चहा गार आहे, वर्तमानपत्र ओलं आहे, शेजारच्यांचा टीव्ही मोठा आहे, असं काहीबाही शोधून काढत कुरकुरत असतो. माझी बायको वसुधा हे ओळखून आहे. ती म्हणते, "आली वाटतं नाताळची सुट्टी."

सुट्टी माझी नव्हे. गोरव्याच्या एका कारखान्यातून मी निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षं झाली. मला आता बारा महिने सुट्टीच असते. ही सुट्टी माझ्या नातीची, मुक्ताची. माझा मुलगा निखिल पुण्याला नोकरी करतो, सून मधुरा माहेरची रत्नागिरीची, आणि मधुराचे वडील दामले, म्हणजे माझे व्याही, रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. माझ्या दुखण्याचं मूळ एवढंच आहे. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. मी दामल्यांवर जळतो. मराठीत हेवा, मत्सर, असूया असे निरनिराळे शब्द आहेत, ते सगळे मला सारखेच लागू पडतात.

आता सुट्ट्यांचं बघा. दिवाळी मुक्ता पुण्यात स्वतःच्या घरी करते, ते रास्तच आहे. मे महिन्यात बडोद्यात पाऊल टाकायची सोय नसते. डांबर चपलेला चिकटतं, पोरं काय करणार येऊन? गणपतीत चार दिवससुद्धा मिळत नाहीत. म्हणजे उरली नाताळची सुट्टी. हवा छान, खाणं छान, गाव छान. पण बडोद्याचा खरा थाट तो उत्तरायणाचा, आणि उत्तरायण येतं जानेवारीच्या मध्यावर, मुक्ताची शाळा सुरू झाल्यावर. आभाळ पतंगांनी भरून जातं, गच्च्यांवर अख्खी कुटुंबं चढतात, तेव्हा माझी नात पुण्यात बाकावर बसून भूगोलाच्या वहीत नकाशे काढत असते. समुद्राचं तसं नाही. समुद्र शाळेच्या वेळापत्रकात केव्हाही बसतो. दामल्यांना काही करावं लागत नाही, खिडकी उघडली की झालं.

बरं, समुद्र आहे तो आहे, पण त्याचा उपयोग तरी त्यांना असावा? आम्ही पोतनीस पिढ्यान् पिढ्या मासे खाणारे. आजोबा संस्थानच्या नोकरीत म्हणून बडोद्याला आले आणि आमची जीभ त्यांच्याबरोबर इथे येऊन अडकली. माझ्या सोसायटीत अंडं आणायचं तरी पिशवीत पिशवी घालून आणावं लागतं. आणि दामले? दामले मासे खात नाहीत. बंदराच्या गावात जन्म गेला त्यांचा, ताजा फडफडीत पापलेट रोज दारावरून जातो आणि हे गृहस्थ वालाच्या उसळीवर खूश. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात ना, त्यातले चणे त्यांना मिळाले.

मुक्ता तिसरीत होती तेव्हाचा हिवाळा मला अजून जसाच्या तसा आठवतो. दामल्यांनी आग्रहाचा फोन केला होता. "व्याही, या वेळी तुम्ही दोघंही या. सगळे मिळून फिरू. रत्नागिरी दाखवतो तुम्हाला." मी आनंदानं गेलो. खरंच आनंदानं. तोपर्यंत मला काही झालं नव्हतं. बॅगेत बडोद्याचा चिवडा, भाकरवडी, शेव असं दोन किलोच्या वर सामान घेतलं होतं. पोचलो त्या संध्याकाळी डबा उघडला, दुसऱ्या दिवशी सकाळी चिवडा सादळलेला. दामल्यांच्या अंगणातली हवाच तशी दमट. विहीणबाईंनी तो तव्यावर गरम करून पुन्हा कुरकुरीत करायचा प्रयत्न केला आणि चांगुलपणानं खाल्लासुद्धा, पण मुक्ता म्हणाली, "इथं नका आणू आजोबा चिवडा, इथली हवा त्याला सोसत नाही." चिवड्याबद्दल बोलत होती ती.

ती दामल्यांना 'समुद्रआजोबा' म्हणते हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी नुसता 'बडोद्याचे आजोबा'. एकाच्या नावात अख्खा समुद्र आणि दुसऱ्याच्या नावात पिनकोड. वसुधाला हे सांगितलं तर ती हसत सुटली.

रोज एक सहल, असा दामल्यांचा बेत होता. ते एक मोठी गाडी आणि चालक सांगत, सकाळी नाश्ता करून निघायचं आणि दिवेलागणीला परत. पहिल्याच दिवशी गाडी दारात उभी राहिली आणि दामल्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "बसा व्याही, पुढे बसा." मी म्हटलं, मी मागे मुक्ताशेजारी बसतो. "छे छे, असं कसं? तुम्ही मुलाकडचे. मानाची जागा तुमची." मी पुन्हा नको म्हटलं, त्यांनी पुन्हा आग्रह केला, विहीणबाई म्हणाल्या, "बसा हो, आम्हाला बरं वाटेल," आणि मी बसलो. तिथे फसलो. मुलाकडच्यांचा मान ही काय चीज आहे ते त्या आठवड्यात मला कळलं. पुढच्या सीटवर पट्टा लावून मी चालकाशी डिझेलच्या भावाबद्दल बोलत होतो आणि मागे खिडकीशी माझी नात आणि तिच्याशेजारी दामले. मागून सगळं ऐकू यायचं. "ते बघ, ते सुरूचं बन. सुरू म्हणजे समुद्राच्या वाऱ्याला अडवणारा पोलीस." मग खिदळणं. मी मान वळवून बघेपर्यंत सुरूचं बन मागे गेलेलं असायचं आणि खिदळणंही संपलेलं.

जेवायच्या वेळी तीच तऱ्हा. मला पाट, रांगोळी, पहिलं वाढप, उकडीच्या मोदकावर तुपाची जादा धार. आणि मुक्ता पडवीत दामल्यांच्या शेजारी जेवायला बसलेली, पाय हलवत, त्यांच्या पानातला आमसुलाच्या सारातला भात स्वतःच्या पानात ओढत. मला तूप मिळालं आणि त्यांना नात मिळाली. तक्रार करणार कुणाकडे? मान कमी झाला म्हणून रुसणारे व्याही सगळ्यांनी पाहिलेत. मान जास्त झाला म्हणून रुसणारा मी एकटाच असेन.

तरीही त्या सहली सुंदर होत्या, हे कबूल करायलाच हवं. सकाळच्या वेळी भाट्याच्या पुलावरून जाताना खाली खाडी आणि समुद्र एकमेकांत शिरताना दिसायचे, दोन वेगळ्या रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालायचं. किल्ल्यावर देवीचं देऊळ होतं, वारा इतका की वसुधाचा पदर झेंड्यासारखा उभा राहिला. तिथून बंदर दिसायचं, होड्यांवर निरनिराळी निशाणं, आणि दामले हात लांब करून काहीतरी दाखवत असायचे. मुक्ता त्यांच्या बोटाच्या रेषेत डोळा लावून बघायची. आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवली तेव्हा मीसुद्धा पटकन खाली उतरलो. खाली दोन किनारे आणि मध्ये डोंगर, आणि पाणी असं निळं की आमच्या सूरसागर तलावाची मला दया आली. खूप वेळानं माझ्या लक्षात आलं, मी तोंड उघडं टाकून बघतोय आणि दामले समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघताहेत. समाधानानं. लग्नात आपण वाढलेली जिलबी पाहुणा कशी खातो ते यजमान बघतो ना, तसे. मी तोंड मिटलं.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर वाळू काळी. मुक्तानं ती ओंजळीत धरून माझ्यापुढे केली. "हा काळा समुद्र. उद्या पांढरा दाखवणारेत." मला वाटलं पोर काहीतरी बडबडतेय. पण दुसऱ्या दिवशी खरंच पांढरा समुद्र निघाला. रत्नागिरीत त्या किनाऱ्याचं नावच पांढरा समुद्र. मुक्तानं हिशेब केला. "समुद्रआजोबांकडे दोन समुद्र आहेत. एक काळा, एक पांढरा." मग थोडा विचार करून माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे काय आहे आजोबा?"

मुलांच्या प्रश्नात कपट नसतं, म्हणून ते जास्त लागतात. मी म्हटलं, आमच्याकडे राजवाडा आहे, एवढा मोठा की हत्ती हरवेल. दुसऱ्या दिवशी दामल्यांनी थिबा राजाचा राजवाडा दाखवला. आमच्या राजवाड्यापुढे तो कुठेच नाही, पण थिबा ब्रह्मदेशाचा राजा होता, कैदी होता आणि समुद्राकडे बघत मेला, ही गोष्ट दामल्यांनी अशी सांगितली की मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या राजवाड्यात रडण्याजोगं काही नाही. मग मी हुकमाचं पान काढलं. म्हटलं, सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, खराखुरा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुक्ता उडालीच. "खरंच?" मी दामल्यांकडे पाहिलं. दामले किंचित खाकरले आणि म्हणाले, "आपल्या मत्स्यालयातही आहे एक. उद्या जाऊ." माझ्याकडे समुद्रातली एकच वस्तू होती, तीही त्यांच्याकडे निघाली.

एक दिवस ते आम्हाला मिरकरवाड्याच्या बंदरावर घेऊन गेले. पहाटेच्या होड्या परत आल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता, बायका टोपल्यांभोवती घोळका करून भाव ओरडत होत्या. दामले नाकाला रुमाल लावून मुक्ताला समजावत होते, ही सुरमई, हा बांगडा, ते मोरीचं, म्हणजे शार्कचं, पिल्लू. बांगड्याला त्यांनी सुरमई म्हटलं. मी पुढे झालो, म्हटलं, अहो हा बांगडा. आठवडाभरात पहिल्यांदा मला काहीतरी ठाऊक होतं. मी मुक्ताला कल्ले उघडून लाल रंग दाखवला, ताजा मासा कसा ओळखायचा ते सांगितलं. ती वाकून बघत होती, तिचा गार हात माझ्या खांद्यावर होता. मग तिला मळमळलं आणि ती दामल्यांकडे गेली. त्यांनी खिशातून आवळासुपारी काढून तिला दिली आणि दोघं रुमाल नाकाला लावून गाडीकडे निघून गेले. मी एक बांगडा हातात घेऊन उभा. तो विकतही घेता येत नव्हता, दामल्यांच्या घरात शिजवणार कुठे?

परतीच्या प्रवासात वसुधा म्हणाली, "दामले म्हणजे तुम्हाला सवत वाटायला लागली की काय?"

मी म्हटलं, सवत परवडली. सवतीला समुद्र नसतो.

पुढच्या वर्षी मी सूड उगवायचं ठरवलं. मुक्ता आधी तीन दिवस आमच्याकडे आणि मग रत्नागिरीला जाणार होती. मी म्हटलं, समुद्र फक्त कोकणातच आहे असं थोडंच आहे? बडोद्याहून पाद्रा, जंबुसर करत गेलं की कावी-कंबोईला खंभातचं आखात लागतं. तिथे किनाऱ्यावर महादेवाचं देऊळ आहे, भरतीला पिंडी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते. आमचा समुद्र देवाला अंघोळ घालतो, असं मी मुक्ताला सांगितलं आणि तिचे डोळे मोठे झालेले बघून मला फार बरं वाटलं. थेपले, सुकी भाजी, छुंदा, पाण्याची बाटली असा बडोद्याचा पक्का सरंजाम घेऊन आम्ही निघालो. मी मुक्ताच्या शेजारी मागे बसलो. पुढे वसुधाला बसवलं.

दुपारी पोचलो तर समोर चिखल. जिथवर नजर जाईल तिथवर करडा, चकचकीत, ओला चिखल, आणि त्याच्या पार टोकाला एक पांढुरकी रेघ. मुक्ता कठड्याशी उभी राहिली. "आजोबा, समुद्र कुठे गेला?"

मी म्हटलं, येईल. कधी येईल ते मला माहीत नव्हतं. भरतीची वेळ बघून निघायचं असतं हे बडोद्याच्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार? आम्ही देवळाची उघडायची वेळ विचारून निघालो होतो. तोवर मुक्तानं माझाच फोन घेऊन रत्नागिरीला लावला होता. "समुद्रआजोबा, इथला समुद्र गेलाय."

दामल्यांचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू येत होता. "आज तिथी कुठली? अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट किती?"

"सहा," मुक्ता म्हणाली.

"म्हणजे सहाला भरती पुरी. थांबा तिथेच. मजा बघशील."

आम्ही थांबलो. थेपले संपले. सूर्य चिखलावर उतरत उतरत लाल झाला, थंडी वाजायला लागली, सहा वाजले, पांढुरकी रेघ होती तिथेच. देवळातल्या पुजाऱ्यानं आमची कीव केली. "काका, पाणी तो राते आवशे. अहीं अखातमां मोडुं आवे. आठमनुं तो एकदम धीमुं." कोकणचं गणित आखातात चालत नव्हतं. आखात लांबलचक, पाणी आत शिरायला उशीर होतो आणि अष्टमीला तर त्याला जोरच नसतो. मला काय वाटलं म्हणून सांगू? चिखलात उडी मारून नाचावंसं वाटलं. समुद्र दिसला नाही याचं दुःख कुठल्या कुठे पळालं. दामले चुकले. समुद्राच्या बाबतीत चुकले, आणि तेही माझ्या नातीच्या देखत.

मी अगदी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "तुझ्या समुद्रआजोबांचं गणित चुकलं की गं."

मुक्तानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काहीतरी बावळटासारखं बोललोय. "चुकलं नाही. हा त्यांचा समुद्र नाही ना, म्हणून."

आम्ही परत निघालो. मुक्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या बुटांना लागलेला चिखल वाळून गाडीत पडत होता, आणि एवढं जवळ असून मला तिचं तेच एक वाक्य टोचत होतं. दामले चुकूनसुद्धा जिंकतात, हे तेव्हा कळलं.

त्यानंतरचे नाताळ तसेच गेले. कधी तीन दिवस आम्हाला आणि आठ त्यांना, कधी चार आणि सात. मीही स्वस्थ बसलो नाही. पावागडाला रोपवेनं नेलं, बागेतल्या छोट्या गाडीत बसवलं, रात्रीबाजारात शेव-उसळ खाऊ घातली. तिला सगळं आवडायचं. पण परत जाताना ती रत्नागिरीबद्दल बोलायची. रत्नागिरीहून परतताना ती बडोद्याबद्दल बोलते का, हे मी मधुराला विचारणार होतो, पण धीर झाला नाही.

मुक्ता आता नववीत आहे. उंचीला वसुधाच्या वर गेली. दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. "आजोबा, या नाताळात मी नाही येत हं. रागावू नका." मी म्हटलं, छे, राग कसला? कुठे जाणार आहेस, हे विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि उत्तर मला माहीत होतं. पूर्वी तीन दिवस तरी पदरात पडायचे, आता तेही दामल्यांनी घेतले.

म्हणून या वर्षी गुलाबी दोऱ्या दिसल्या आणि मी गल्ली बदलून जायला लागलो. शेजारचे हसमुखभाई भेटले की विचारायचे, "केम साहेब, पोत्री आवानी छे ने?" मी म्हणायचो, अभ्यास आहे तिला. आणि मनातल्या मनात मी रत्नागिरीत फिरत होतो. आता ती किल्ल्यावर असेल, वारा केस उडवत असेल. आता काळ्या समुद्रावर. आता दामल्यांच्या बोटाच्या रेषेत डोळा लावून होड्या बघत असेल. माझ्या घरात बसून मी त्यांच्या सहलीचा एकही थांबा चुकवला नाही. नाताळच्या दिवशी व्याह्यांना फोन करायची आमची पद्धत आहे, तो मी केला नाही. त्यांचाही आला नाही. येईल कशाला, म्हटलं, सुखात आहेत.

वर्ष संपायला आलं तेव्हा एका दुपारी वसुधा आणि मी गच्चीत उन्हाला पापडी सोलत बसलो होतो. फोन वाजला. दामले. मी थोडा वेळ वाजू दिला. मग उचलला, आणि पराभव ऐकायची तयारी केली.

"नमस्कार व्याही. सगळं क्षेम ना?" दामल्यांचा आवाज ताठ होता. "मुक्ता आहे का जवळ? नाही, काही विशेष नाही. माझा फोन उचलत नाही म्हणून विचारलं. असेल पतंगाबितंगाच्या गडबडीत. आता आमची आठवण कशाला येईल तिला."

ते शेवटचं वाक्य ज्या सुरात आलं तो सूर माझ्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो मी माझ्याच तोंडून ऐकत आलोय. दामल्यांना वाटत होतं, ती माझ्याकडे आहे. दोन समुद्र उशाला घेऊन ते माझ्यावर जळत होते.

एक क्षण त्यांना तसंच जळू द्यावं असं मनात आलं. "बाहेर गेलीय, आली की सांगतो," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जिभेवर आलंही होतं. त्या एका क्षणात मला जी काही मजा वाटली ती मी नाकारणार नाही. पण वसुधा समोर होती आणि पापडी सोलायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"माझ्याकडे नाही ती," मी म्हटलं. "तुमच्याकडे नाही?"

"नाही हो. मला म्हणाली, येत नाही. कुठे जातेस ते मी विचारलं नाही."

"मीही नाही विचारलं."

वसुधानं हातातली शेंग टोपलीत टाकली. "पुण्यातच आहे. मैत्रिणींबरोबर. मधुरानं मला केव्हाच सांगितलं. आज सगळ्या मिळून वॉटर पार्कला गेल्यात. तुम्ही विचारलंत कधी मला?"

मी दामल्यांना ते सांगितलं. त्यांना वॉटर पार्क म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. मी समजावलं, पाण्याच्या घसरगुंड्या असतात, आणि एक मोठा हौद असतो, त्यात यंत्रानं लाटा सोडतात. भोंगा वाजला की लाटा सुरू, पुन्हा वाजला की बंद.

"भोंगा वाजला की," दामले म्हणाले. "पाणी खारं असतं का?"

"नाही. गोडं."

"मग बरं. डोळे चुरचुरायचे नाहीत तिचे. लहानपणापासून खाऱ्या पाण्यानं फार चुरचुरतात."

हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी एवढ्यावरूनसुद्धा माझं पोट दुखलं असतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे ते दोन किनारे आले, काळा आणि पांढरा, आणि त्यांवर कुणीच नव्हतं. म्हातारा माणूस एकटा फेरी मारून परत येत असणार. मी म्हटलं, "दामले, तुमच्याकडे असती तर बरं झालं असतं."

"मी तेच म्हणणार होतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे असती तर. निदान आपल्यात असती." मग ते हसले, पण हसणं काही जमलं नाही. "तुम्हाला खोटं वाटेल, आठ दिवस मी तुमच्यावर चिडून होतो. घरात हिच्याशीसुद्धा धड बोललो नाही. आता त्या रागाचं काय करू?"

"ठेवा जपून," मी म्हटलं. "पुढच्या नाताळात लागेल."

"पुढच्या वर्षी दहावी आहे तिची," दामले म्हणाले.